सात नंबरचा बोल्ट

दाजी, मी जिंकलो.

तीन बोल्टच्या खाचा गोल झाल्या. दोन, पाच आणि नऊ नंबरच्या. तुमच्या त्या चकचकीत, लाडक्या, स्टेनलेसच्या ॲलन बोल्टच्या. आठ वर्षं मी घसा कोरडा करून सांगत होतो की ॲल्युमिनियमच्या इंजिनात स्टेनलेस घालू नका. काही वर्षांनी ते आत धरून बसतात, उघडायला जावं तर ॲलनचा पाना नुसता फिरतो आणि बोल्टच्या डोक्यातली खाच गोल होते. तुम्ही ऐकलं नाहीत. शेवटी तेच झालं, तेही तुमच्याच हातून, आणि बुधवारी फोन करून तुम्हीच ते मला सांगितलंत.

"विलास, तीन बोल्टांच्या खाचा गेल्या रं. तू काय बोलू नको. रविवारी ये फक्त. या टायमाला तू म्हनशील ते बोल्ट टाकू."

मी फोनवर खरंच काही बोललो नाही. इतका मोठा विजय फोनवर कशाला वाया घालवायचा? मी वाक्यं तयार केली. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मनातल्या मनात म्हणून पाहिली. "दाजी, मी तेव्हाच म्हणालो होतो," असं सुरू करायचं, मग जरा थांबायचं, मग ताईकडे बघायचं. शुक्रवारी सकाळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि गेलात. ताई म्हणते, कप नीट बशीत ठेवला होता, सांडला नव्हता. मी तुमच्या गावी, चामटोलीला आलो तेव्हा वाक्यं सगळी पाठ होती आणि ऐकायला माणूस नव्हता. असा विजय कुणाच्या शत्रूलाही मिळू नये.

तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून दाजी. पण आपलं खरं नातं भांडणाचं होतं आणि ते दोघांनीही निष्ठेने सांभाळलं. तुम्ही जांभूळ गावच्या पाण्याच्या प्लांटवर जन्मभर पंप चालवलेत, मी अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटीला. म्हणजे तुमचं काम यंत्र चालू ठेवायचं आणि माझं काम माल नापास करायचं. दोघांचं पटणार कसं? पहिल्याच भेटीत तुम्ही मला सांगितलं होतं, "पंपाच्या ग्लँडमधनं, म्हंजे दांड्याभोवतीच्या बुचातनं, थेंब थेंब पानी पडलाच पायजे. थेंब बंद झाला का ग्लँड जळते." मी म्हणालो, आमच्याकडे गळतीचा एक थेंब दिसला तरी लाल चिठ्ठी लागते. तुम्ही ताईकडे वळून म्हणालात, "तुझा भाऊ लई कोरडा हाय." मी तेव्हा नवीन नोकरीत होतो. ते मला फार लागलं होतं.

मग तुमची गाडी आली आपल्यामध्ये. काळी, जुनी, किक मारून सुरू होणारी, तुमच्या रिटायरमेंटपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तिच्या उजव्या बाजूला क्लचचं कव्हर, कव्हरला दहा बोल्ट. दहा बोल्टवर दोन शिकलीसवरली माणसं आठ वर्षं भांडू शकतात हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. माझं म्हणणं, कंपनीने दिले होते तसेच पिवळ्या मुलाम्याचे, षटकोनी डोक्याचे बोल्ट घालावेत. पकड चांगली, पाना घसरत नाही, आटे खात नाहीत. तुमचं म्हणणं, "पिवळं बोल्ट बघून असं वाटतंय का इंजिनला कावीळ झाली. स्टेनलेस बघ कसं दिसतंय!" मी व्हर्नियर घेऊन यायचो, दशांशापर्यंत माप सांगायचो. तुम्ही ताईच्या खराट्यातली काडी मोडून भोकात घालायचात, नखाने खूण करायचात आणि ती काडी खिशात टाकून दुकानात निघायचात. आणि सांगायला लाज वाटते, पण काडीवर आणलेला बोल्ट कधी चुकला नाही. खराटा मात्र वर्षागणिक आखूड होत गेला.

आता मुद्द्याचं. हे मी तुम्हाला समोर सांगायला हवं होतं. आठ वर्षं रोज सांगणार होतो.

आठ वर्षांपूर्वी आपण पहिल्यांदा ते कव्हर उघडलं. तुम्ही दहाही बोल्ट काढून अंगणात वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेत, वरचा वर, खालचा खाली. सहा बोल्ट पंचवीस मिलिमीटरचे, चार तीसचे. काम झालं, कव्हर परत ठेवलं, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून तुम्ही रस्त्यापर्यंत गेलात. आणि तुमची ती तुरेवाली कोंबडी आली. तिने काय पाहिलं त्या बोल्टात देव जाणे, पण तिने वर्तमानपत्रावर दोन्ही पायांनी उकिरडा उकरावा तशी उकराउकर केली. मी धावलो, कोंबडीला हाकललं, बोल्ट गोळा केले. आणि तिथे मला दुर्बुद्धी झाली. म्हटलं, दाजी येईपर्यंत आपणच कसून टाकू. बावीस वर्षं मापं घेतोय, पाच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळणार नाही होय?

नाही कळला. तांदळाच्या दाण्याएवढा फरक, दाजी. सातव्या भोकात तीसचा जायला हवा होता, मी पंचवीसचा घातला. तो जेमतेम तोंडाशी धरला होता आणि मी जोर लावला. एकदम हाताला हलकं लागलं. ज्याने कधी आटे घालवलेत त्याला ते हलकेपण माहीत आहे. दहाव्या भोकात उरलेला तीसचा बोल्ट पूर्ण न बसता डोकं वर काढून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी दोन्ही काढले, अदलाबदल केली, सातव्याला नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि तो कसाबसा बसवला. तुम्ही परत आलात. "आरं वा, बंद पन केलंस?" म्हणालात आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. क्वालिटीच्या माणसाने खोटा माल पास केला होता, आणि त्यावर शाबासकीही घेतली होती.

पुढच्या रविवारी त्या कोंबडीचा रस्सा झाला. मी दोनदा वाढून घेतला. एकमेव साक्षीदार होती.

त्यानंतर दर महिना-दोन महिन्यांनी तुमचा फोन यायला लागला. "विलास, परत तेल गळतंय रं. रविवारी ये, गॅस्केट बघू." गॅस्केट म्हणजे कव्हरच्या आत बसणारा तो कागदी पापुद्रा, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दोष सातव्या भोकाचा होता हे जगात फक्त मला माहीत होतं, असं मी समजत होतो. म्हणून मी प्रत्येक वेळी यायचो. बदलापूरहून सकाळी निघायचो, अंगणात गाडीखाली तेलाचा डाग असायचा, त्याच्याकडे बघायची माझी छाती होत नसे. मग आपण उल्हासनगरला जायचो, परसूशेठच्या नटबोल्टच्या दुकानात. तिथे काउंटरवर आपलं स्टेनलेस विरुद्ध पिवळे असं भांडण व्हायचं, बाकीची गिऱ्हाइकं बाजू घ्यायची. आणि भांडण रंगात आलं की तुम्ही म्हणायचात, "विलास, जा रं, समोरनं दालपकवान घेऊन ये. गर्दी व्हायच्या आधी." मला वाटायचं, हरायला लागले की यांना भूक लागते.

घरी आलो की ताईने जेवण केलेलं असायचं. जेवल्यावर तुम्ही ओट्यावर आडवे व्हायचात. "आता कोन उघडतो? मी उद्या टाकतो गॅस्केट." मी सुटकेचा श्वास टाकून बदलापूरला परत. अशी आठ वर्षं गेली. माझी बायको म्हणायची, तुमच्या दाजींची गाडी आहे का दुभती म्हैस, सारखं काय तिच्याकडे बघायला जाता?

दहाव्याला मी ठरवून आलो होतो. मनाशी म्हटलं, कावळा शिवायला वेळ लागला तर पुढे होऊन हात जोडायचे आणि सगळ्यांदेखत कबूल करायचं. तसा पिंडाला कावळा ताटकळवतो, लोक एकेक वचन देतात, असं नेहमी बघितलंय. तुमचा कावळा पान ठेवल्याठेवल्या आला. मी चपला काढत होतो तेवढ्यात शिवून, भाताचं शीत घेऊन गेलासुद्धा. सगळे म्हणाले, समाधानी माणूस होता, कशात जीव अडकला नव्हता. मी एक पाय चपलेत घालून तसाच उभा राहिलो. जरा थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

तेरावं झाल्यावर ताईने विषय काढला. गाडी अंगणात निळ्या ताडपत्रीखाली होती. क्लचच्या नव्या प्लेटा तुम्ही बसवून ठेवल्या होत्यात. राहिलं होतं फक्त कव्हर. उघड्या इंजिनात तुम्ही लाल फडकं कोंबलं होतंत, ते तसंच.

"ती उघडी गाडी माझ्या दारात नको," ताई म्हणाली. "मला बघवत नाय. सकाळी दार उघडलं का वाटतं, आत्ता येतील हात पुसत. रविवारपर्यंत बंद करून चालू झाली तर ठेवा. नाय तर सोमवारी भंगारवाल्याला बोलवते."

"आई, गाडी मला पाहिजे," अश्विनी म्हणाली. तुमची लेक. अंबरनाथच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि घरी कुणाला घाबरत नाही. "मी चालवणार आहे. पप्पांनी शिकवलंय मला."

"मग बंद कर ती."

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुला येतं ना?"

आता काय सांगू? जगात ज्या एका माणसाच्या हाती ते कव्हर द्यायला नको होतं, त्यालाच तिने विचारलं होतं. सातवा बोल्ट धरला नाही तर तेल जाणार, गाडी भंगारात जाणार, पोरीच्या हातून बापाची गाडी माझ्यामुळे जाणार. मी म्हणालो, "येतं की."

गॅस्केट शोधायला तुमची पत्र्याची पेटी उघडली. वर पाने, खाली चिंध्या, चिंध्यांखाली एक पिशवी. पिशवीत गॅस्केट. एक नाही, एक्केचाळीस. सगळी प्लॅस्टिकच्या पाकिटात, न उघडलेली. मी ती ओट्यावर पत्ते लावावेत तशी लावली आणि बघत बसलो. आपण दोघांनी उल्हासनगरला जाऊन आणलेली ती सगळी गॅस्केट होती. एकही बसवलं नव्हतं. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण नीट उमगलं नाही. मला वाटलं, दाजींचा कंटाळा.

बोल्ट तुमच्या पुठ्ठ्यावर होते. कोंबडीच्या प्रकारानंतर तुम्ही वर्तमानपत्र सोडलंत आणि हा पुठ्ठा केलात. मी भाऊबीजेला ताईला दिलेल्या साडीच्या खोक्याचं झाकण. त्यावर कव्हरचा आकार काढलेला, दहा भोकं पाडलेली, प्रत्येकात आपापला बोल्ट खोचलेला. तुम्ही त्याला मला कधी हात लावू दिला नाहीत. "तू व्हर्नियर बघ, पुठ्ठा मी बघतो." शनिवारी स्कूटरवर मागे बसून अश्विनीने तो दोन्ही हातांत आरतीच्या ताटासारखा धरला आणि आम्ही उल्हासनगरला निघालो. अंबरनाथच्या एका गतिरोधकावर चार नंबरचा उडाला. पोरगी चालत्या रहदारीत उतरली, रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला खाली वाकायला लावलं आणि बोल्ट घेऊन आली. तुमचीच आहे, शंका नको.

"आओ साईं," परसूशेठ म्हणाला आणि आमच्या मागे बघायला लागला. "चाचा पार्किंगला अटकले काय?"

मी सांगितलं. तो उठून उभा राहिला. गल्ल्यावरचा पंखा त्याने का कोण जाणे बंद केला. मग त्याने अश्विनीच्या हातून पुठ्ठा घेतला, दोन्ही हातांनी, आणि मापं बघायला उलटा केला.

पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने बोल्टची टोकं बाहेर आलेली असतात, हे मला माहीत होतं. त्या टोकांपाशी तुम्ही मापं लिहिली आहेत, हे माहीत नव्हतं. तुमच्या त्या गोल गोल अक्षरात, प्रत्येकापाशी: पंचवीस, पंचवीस, तीस, पंचवीस. आणि सातव्यापाशी आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, विलास.

"मामा," अश्विनी म्हणाली, "इथे तुझं नाव का लिहिलंय?"

परसूशेठने माझ्याकडे बघितलं, पुठ्ठ्याकडे बघितलं, आणि लाजला. साठीचा माणूस, दाजी, नव्या नवरीसारखा लाजला. "आज पकवान लाने कौन जाएगा?" तो म्हणाला. "तुमच्यासमोर कसा बोलू मी?"

"बोला," मी म्हणालो.

"आठ साल पहिले चाचा काडी घेऊन आले. बोले, शेठ, तीसचा भोक आहे पण वरचे आटे गेले, खाली आटे चांगले आहेत, पस्तीसचा दे. मी विचारला, किसने मारा? बोले, मेहुण्याने. मग बोले, कुठे बोलू नको. तो कंपनीत क्वालिटीला आहे, समजला तर इज्जत जाईल त्याची." त्याने काउंटरखालचा एक खण ओढला. खणावर स्केचपेनने लिहिलं होतं: विलास. आत सगळे पस्तीसचे बोल्ट. "तेव्हापासून आमच्याकडे पस्तीसला विलासच बोलतात. चाचा आले की मी विचारायचो, विलास पकड के बैठा है? चाचा बोलायचे, एकदम. तुम्ही तेव्हा पकवानच्या लाइनमध्ये."

अश्विनी इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला. मग हसता हसता रडायला लागली. मीही तेच केलं, फक्त उलट क्रमाने. उल्हासनगरच्या भर बाजारात माझ्या नावाचे बोल्ट आठ वर्षं किलोने विकले जात होते आणि मी समोरच्या फुटपाथवर पकवान कुरकुरीत आहे ना ते तपासत होतो.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पाठीवर थाप मारलीत त्याच आठवड्यात कळलं होतं. सगळे बोल्ट बदलून स्टेनलेस केलेत ते दिसण्यासाठी नव्हतं, निदान फक्त दिसण्यासाठी नव्हतं. एकच बोल्ट वेगळा दिसला असता तर मला कळलं असतं. आणि मी आठ वर्षं त्या स्टेनलेसला शिव्या घातल्या.

"आता कोणते देऊ?" परसूशेठने विचारलं.

तुम्ही म्हणाला होतात, या वेळी तू म्हणशील ते. आठ वर्षं मी ज्यासाठी भांडलो तो हक्क हातात आला आणि मला तो धरवेना. मी अश्विनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मामा, सीरियसली, तुझं टेक्निकली बरोबर होतं ना? मग तुझे घे. पप्पांनी हरल्याचं कबूल केलंय, त्यांचा मान ठेव." मी नऊ पिवळे घेतले, पंचवीसचे सहा आणि तीसचे तीन. प्रत्येक व्हर्नियरने मोजला. सातव्यासाठी पिवळा पस्तीस मागितला.

"विलास फक्त स्टेनलेसमध्येच येतो, साईं," परसूशेठ म्हणाला. "चाचांनी तसंच लावून दिलंय."

शेजारच्या दुकानात पिवळा मिळाला असता. मला दिसत होता तिथल्या बरणीत. मी म्हणालो, "द्या."

रविवारी कव्हर बसवलं. बेचाळिसावं गॅस्केट आणायची गरज पडली नाही. अश्विनी पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट देत होती, मी कसत होतो, ताई ओट्यावर पावटे सोलत होती आणि आमच्याकडे बघत नसल्याचं दाखवत होती. सहा झाले. मग अश्विनी म्हणाली, "मामा, विलास," आणि तो चकचकीत बोल्ट माझ्या हातावर ठेवला. मी आट्यांना ग्रीस लावलं, म्हणजे पुन्हा धरून बसायला नको. तेवढं माझं ऐकून घ्या. बोटांनी फिरवत आत नेला. मग पाना लावला. एक वेढा, अर्धा वेढा, आणि तो थांबला. घट्ट. खाली खोल कुठेतरी चांगले आटे होते आणि त्यांनी धरलं.

मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, मोठ्याने, "ताई, सात नंबरचे आटे मी घालवले होते. पहिल्या वेळी. दाजी रस्त्यावर गेले होते तेव्हा."

"म्हायती हाय," ताई म्हणाली. पावट्यातून मान वर केली नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. आनि कोन सांगनार, कोंबडी?"

"मग ते तेल? बोल्ट धरला होता तर तेल गळत कुठून होतं?"

ताईने आता मान वर केली. "तेल गळत नव्हतं, विलास. तुला फोन केला का ते चमच्याने ओतायचे. शनिवारी संध्याकाळी. माझा चांगला चमचा घेऊन. मी म्हनायची, सरळ ये म्हना ना त्याला. तर म्हनायचे, सरळ बोलावलं का तो कामाची कारनं सांगतो. गळतंय म्हटलं का पळत येतो."

अश्विनीने किक मारली. पहिली वाया गेली, दुसरीला गाडी सुरू झाली. तिच्या आवाजात ताईने तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. कव्हरखाली मी हात फिरवून बघितला. कोरडं ठणठणीत होतं.

दाजी, मला तुमचा राग आला. खरंच आला. आठ वर्षं मी चोरासारखा तुमच्या अंगणात येत होतो. एका शब्दाने मला मोकळं करता आलं असतं. पण मग विचार केला, मोकळा झालो असतो तर काय केलं असतं मी? दिवाळीला आलो असतो, भाऊबीजेला आलो असतो, लग्नकार्याला आहेर घेऊन आलो असतो. सख्ख्या बहिणीकडे माणूस जेवढा जातो तेवढा. तुम्ही ते ओळखलं होतंत. तुम्ही मला पहिल्याच दिवशी कोरडा म्हणालात ते काही उगाच नाही. तुमच्यावर माझा किती जीव होता हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. बोल्टबद्दलच बोलत राहिलो. तुम्हीही बोल्टबद्दलच बोलत राहिलात. तरी आपल्याला एकमेकांचं कळत होतं, असं आता तरी मी धरून चालतो.

अश्विनी गाडी घेऊन लॅबला जाते. अंबरनाथमध्ये लोक वळून बघतात म्हणे. कावीळ झालेले नऊ आणि चकाकणारा एक, बरं दिसतं. फार बरं दिसतं, दाजी. तुम्हीच बरोबर होतात असं मी म्हणणार नाही, पण एखादा असावा.

मी मात्र महिनाभर चामटोलीला गेलो नाही. कारणच नव्हतं. रविवार यायचा, मी अंघोळ करून, कपडे करून बसायचो आणि मग बायको बाजाराची पिशवी हातात द्यायची.

काल ताईचा फोन आला.

"विलास, गाडीखाली तेल दिसतंय रे. बघून जा जरा."

मी आज सकाळी निघालो. सातवा सुटला असणार, ग्रीस लावलं ते चुकलं असणार, सगळा हिशेब मनात करत पोचलो. गाडी अंगणात उभी होती. खाली डाग होता. चांगला गोल, बशीएवढा. गळालेलं तेल इतकं गोल पडत नाही, हे माझं नोकरीतलं मत. मी गुडघ्यावर बसून कव्हर तपासलं. दहाही बोल्ट घट्ट, कुठे ओल नाही. मग डागाला बोट लावून वास घेतला.

शेंगदाण्याचं तेल होतं, दाजी. फोडणीचं.

मी वर पाहिलं. ताई दारात उभी होती. चेहरा अगदी सरळ. अश्विनी तिच्यामागे ओठ दाबून.

"काय रे, गळतंय का?" ताईने विचारलं.

बावीस अधिक आठ, तीस वर्षं मी माल तपासतोय. एकदाच खोटा माल पास केला होता. आज दुसऱ्यांदा केला.

"गळतंय," मी म्हणालो. "गॅस्केट बघावं लागेल. उल्हासनगरला जायला लागेल."

"मग आधी जेवून घे," ताई म्हणाली आणि आत वळली. पानं मांडलेलीच होती.